पॉइंटर जसा आहे तसाच पाठवा : राज्यातल्या टीपीओंना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर (टीपीओ)

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी चाकण पट्ट्यातल्या एका कंपनीत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी घेणाऱ्या विभागाचं काम पाहते. दरवर्षी आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं-मुली सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला येतात. निवडीच्या वेळी तुमच्या कार्यालयाकडून आलेली एक्सेल शीट, मुलांनी स्वतः पाठवलेले रिझ्युमे आणि शेवटी मागवलेल्या गुणपत्रिका अशी तीन प्रकारची कागदपत्रं माझ्यासमोर येतात. एकाच मुलाचा पॉइंटर, म्हणजे दहाच्या पट्टीवरची त्याची सरासरी श्रेणी (सीजीपीए), या तिन्हीकडे वेगवेगळा असावा, असं आता इतक्या वेळा दिसू लागलं आहे की गप्प बसवत नाही.

माझं मागणं एकच आहे. विद्यार्थ्याचा पॉइंटर वाढवून कंपनीला पाठवू नका आणि त्याला वाढवून लिहायला सांगू नका.

हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. वीस-एकवीस वर्षांचं पोर पहिल्यांदा नोकरीसारख्या कशाचा तरी फॉर्म भरत असतं. काय लिहिलं तर चालतं आणि काय चालत नाही, हे त्याला घरात सांगणारं बहुतेकदा कुणी नसतं. आई-वडिलांपैकी कुणी असा फॉर्म कधी भरलेलाच नसतो. अशा वेळी ते तुमच्या दारात येतं. तुमच्या केबिनमधून किंवा तुमच्या विद्यार्थी समन्वयकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून जे सांगितलं जातं, तोच त्याच्यासाठी नियम होतो. आमच्याकडच्या एका इंटर्नने मला त्याच्या फोनवर असा एक मेसेज दाखवला होता. रात्री बारापर्यंत फॉर्म भरा, क्रायटेरिया साठ टक्के, ज्यांचं थोडं कमी आहे त्यांनीही साठ टाकून भरा, पुढचं पुढे बघू. तो मेसेज महाविद्यालयाच्या अधिकृत प्लेसमेंट ग्रुपवर आला होता. आता सांगा, त्या रात्री फॉर्ममध्ये साठ टाकणाऱ्या मुलाला मी एकट्याला कसा दोष देऊ?

तरीही एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. न जुळणारा प्रत्येक आकडा खोटा नसतो. दहाच्या श्रेणीचं टक्क्यांत रूपांतर कसं करायचं, याचा आपल्याकडे एकच एक नियम नाही. विद्यापीठागणिक सूत्र वेगळं, स्वायत्त महाविद्यालयांचं आणखी निराळं, आणि काही ठिकाणी तर अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की सूत्रही बदलतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के. म्हणजे पॉइंटरमधून पाऊण वजा करायचा आणि दहाने गुणायचं. सीबीएसईने दहावीसाठी ९.५ ने गुणायची पद्धत आणली होती, ती राज्यभरातल्या मुलांच्या डोक्यात अजून पक्की आहे. घाईतला मुलगा तर सरळ दहाने गुणून मोकळा होतो. आता ६.७ पॉइंटर असलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. एआयसीटीईच्या तक्त्याने तिचे ५९.५ टक्के होतात, ९.५ ने गुणलं तर ६३.६५ आणि दहाने गुणलं तर थेट ६७. अट साठ टक्क्यांची असेल तर तीच मुलगी, त्याच अभ्यासासकट, एका सूत्राने बाहेर आणि दुसऱ्याने आत.

हा गोंधळ मुलांनी केलेला नाही. पण त्यावरचा उपाय तुमच्या हातात आहे, आणि तो अगदी सोपा आहे. पॉइंटर लिहा, पुढे टक्के लिहा आणि कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या सूत्राने ते काढले हे कंसात लिहा. अशी एक ओळ असलेला रिझ्युमे माझ्याकडे क्वचितच येतो. आला की मी तो बाजूला काढून आधी वाचते, कारण आकड्याबरोबर तो कुठून आला हे सांगायची सवय माझ्या कामात फार मोलाची आहे.

पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. त्यांची बारावी नसते, पदवीची पहिली दोन सत्रं नसतात, त्यांचा पॉइंटर तिसऱ्या सत्रापासून सुरू होतो. कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र 'बारावीचे टक्के' हा चौकोन लाल चांदणी लावून सक्तीचा केलेला असतो. तो रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही. मग मुलगा तिथे डिप्लोमाचे टक्के टाकतो, कुणी दहावीचेच पुन्हा टाकतो, कुणी शून्य टाकतो आणि यंत्राच्या चाळणीत आपोआप बाद होतो. पुढे पडताळणीत कुणीतरी विचारतं, बारावीची गुणपत्रिका कुठे आहे? त्या मुलाने कुणालाही फसवलेलं नसतं, पण कागदावर तो फसवणारा ठरतो. अशा वेळी तुमच्या कार्यालयाने कंपनीला एक ईमेल करून तो चौकोन बदलून घेतला पाहिजे. ते काम विद्यार्थ्याचं नाही.

आणि दहावीचं काय सांगावं! २०२७ साली पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बॅचमधल्या बहुतेकांची दहावी २०२१ ची आहे, मग ते बारावी करून आलेले असोत की डिप्लोमा करून. त्या वर्षी करोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावला गेला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या बॅचला 'दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे किमान साठ टक्के' अशी अट लावणाऱ्या कंपनीला यातून नेमकं काय कळणार आहे, हा प्रश्न तुम्ही तिला विचारायला हवा. तुम्ही विचारलात तर तुमच्या शब्दाला वजन आहे. मुलाने विचारला तर तो उद्धट ठरतो.

निकाल रखडण्याचंही तसंच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या काळात किती मुलांनी हातात निकाल नसताना फॉर्म भरले असतील, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. इतका मोठा गोंधळ नेहमी होत नाही, पण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलेला आहे आणि निकाल यायचा आहे, अशी मुलं प्रत्येक वर्षी असतात. त्यांनी काय लिहावं? पाचव्या सत्रापर्यंतचा पॉइंटर इतका, सहाव्या सत्राचा निकाल आलेला नाही, अमुक विषयाचं पुनर्मूल्यांकन चालू आहे. एवढं लिहिलं की पुरे. पुनर्मूल्यांकनात वाढतील अशी आशा असलेले गुण आधीच मिळवून लिहायचे नाहीत.

यापलीकडे जे उरतं त्याला मात्र दुसरं नाव देता येत नाही. एखाद्या सत्रात चांगला आलेला एसजीपीए, म्हणजे त्या एकाच सत्राचा पॉइंटर, सरासरी पॉइंटर म्हणून लिहिणं. ६.९६ चे ७ करणं आणि सातच्या अटीत बसणं. चालू केटी, म्हणजे नापास झालेला आणि अजून न सुटलेला विषय, असताना 'नो ॲक्टिव्ह बॅकलॉग' या चौकोनात खूण करणं, कारण परीक्षा दिली आहे आणि सुटेल असं वाटतं. यात सगळ्यात टोकाचं म्हणजे गुणपत्रिकेच्या पीडीएफमध्ये आकडा बदलणं. हे करणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊकच नसतं की गुणपत्रिका आता डिजिलॉकरवरच्या नॅशनल ॲकॅडेमिक डिपॉझिटरीत असतात, तिथून निघालेल्या कागदाला २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाचाच दर्जा आहे आणि आमची एचआर मंडळी तिथूनच मागतात. बनावट कागद तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हे भारतीय न्याय संहितेच्या ३३६ आणि ३४० कलमांखाली गुन्हे आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण आधीच्या कायद्यातही हा गुन्हाच होता. पहिल्या वर्षाच्या इंडक्शनमध्ये रॅगिंगविरोधी कायदा सांगता, त्याच दिवशी पाच मिनिटं यासाठी द्या.

पण खरं बोलायचं तर मुलांच्या या लबाडीपेक्षा मला जास्त बोचते ती तुमच्याकडून आलेली शीट. चाचणीच्या कामात वर्षानुवर्षं आकडे बघून एक नजर तयार होते. आमची अट ६.७५ ची असायची आणि एखाद्या महाविद्यालयाच्या यादीत ६.७५, ६.७६, ६.७८, ६.८० अशी दाटी व्हायची. खरे गुण असे एका रेषेला चिकटून उभे राहत नाहीत, ते पसरलेले असतात. शंका आली की मी गुणपत्रिका मागवते आणि मग एकेक नाव गळायला लागतं. एका वर्षी दुसऱ्या कंपनीतल्या माझ्या मैत्रिणीने आणि मी सहज शीट ताडून पाहिल्या. एकाच महाविद्यालयातून आलेल्या, त्याच आठवड्यातल्या. तिच्याकडची अट सातची होती. माझ्याकडे ६.७५ च्या वर असलेली काही नावं तिच्याकडे सातच्या वर होती.

त्यातल्या एका प्रकरणामुळे मी हे लिहायला बसले. एक मुलगा आमच्याकडे इंटर्न म्हणून आला. शांत, हाताने काम करणारा, सोल्डरिंग स्वच्छ, नोंदवही त्याहून स्वच्छ. सहा महिन्यांत त्याने एका जुन्या टेस्ट रिगची वायरिंग पुन्हा आखून दिली, ती आम्ही अजून वापरतो. त्याला कायम करायचं ठरलं, ऑफर लेटर निघालं, पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे कागद गेले. विद्यापीठाकडून आलेला पॉइंटर होता ६.१२. आमच्या नोंदीत होता ६.७५. एचआरने नियमाप्रमाणे ऑफर मागे घेतली. तो मुलगा माझ्याकडे आला आणि त्याने स्वतः महाविद्यालयाला भरून दिलेला गूगल फॉर्म दाखवला. त्यात ६.१२ च लिहिलं होतं. आकडा बदलला होता तो पुढे, शीट तयार होताना. त्याला ते माहीतही नव्हतं.

मी एचआरकडे भांडले. महाविद्यालयाने एका ओळीचं पत्र द्यावं की चूक आमच्या कार्यालयाची आहे, विद्यार्थ्याची नाही, एवढीच त्यांची अट होती. त्या पत्रासाठी तो मुलगा महाविद्यालयात खेटे घालत राहिला. पत्र मिळालं नाही. कुणी सही करायला तयार नव्हतं, कारण सही केली की शीट बदलल्याचं मान्य होणार. सध्या तो भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये आहे आणि चांगलं काम करतो आहे, पण आमच्या कंपनीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'माहितीत तफावत' असा शेरा कायमचा आहे. तो पुसायची सोय आमच्या प्रणालीत नाही. खरं लिहिणाऱ्या मुलाच्या नावापुढे हा शेरा आहे, आणि तो ज्याच्यामुळे लागला त्याचं नाव कुठेच नाही. कितीही समजूत घातली तरी हे मला सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, एका आकड्यावरून एवढं काय? मी ज्या खोलीत काम करते ती तुम्हाला एकदा दाखवायला हवी. तिथे तापमानाचे चेंबर आहेत. गाडीतला एखादा कंट्रोलर वजा ४० अंशांपासून ८५ अंशांपर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा वर असा दिवसेंदिवस फिरवला जातो. ठरावीक वेळाने कुणीतरी रीडिंग घेऊन नोंदवायचं असतं. बरंचसं आता यंत्र नोंदवतं, पण सगळं नाही. कनेक्टर सैल झाला का, आवरणाला तडा गेला का, दिवा एकदा लुकलुकला का, हे माणसानेच बघायचं असतं. रात्रपाळीला इंटर्न एकटा असतो. पहाटे तीनला नमुना क्रमांक चार एका फेरीत अडखळतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा नीट चालतो. ते लिहायचं की नाही? लिहिलं तर चाचणी थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, वरिष्ठ वैतागतात, ग्राहकाला कळवावं लागतं. नाही लिहिलं तर सकाळी सगळं ठीक. त्या क्षणी त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं. त्याने काय लिहायचं हे त्याच्या आधीच्या चार वर्षांनी ठरवलेलं असतं.

आणि त्या चार वर्षांत काय होतं हे आपण सगळेच जाणतो. प्रयोगशाळेत उपकरण बंद असतं, म्हणून मागच्या वर्षीच्या फाईलमधली रीडिंग छापली जातात. आलेख सरळ यावा म्हणून उत्तरावरून उलट रीडिंग बनवली जातात. सबमिशनच्या आठवड्यात सही मिळाली की झालं. व्हायवाला बाहेरून येणारे परीक्षकही फाईल उघडून बघत नाहीत. पॉइंटर वाढवणं हे मला त्या छापलेल्या रीडिंगचं पुढचं सत्र वाटतं. मापन आलं ते न लिहिता यायला हवं होतं ते लिहायचं, हीच सवय दोन्हीकडे आहे.

याची मोठ्या जगातली किंमत शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये चाचणीपुरतं उत्सर्जन कमी दाखवणारी आज्ञावली सापडली. वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्यातल्याच एआरएआय या संस्थेने इथल्या गाड्या तपासल्यावर कंपनीला भारतातल्या तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. ती आज्ञावली लिहिणारे उत्तम शिकलेले अभियंतेच होते. तपासणीत हवा तो आकडा दिसावा म्हणून त्यांनी खऱ्या आकड्यावर पडदा टाकला.

आता कंपन्यांबद्दलही बोलते, कारण दोष फक्त तुमच्या दारात टाकून मला मोकळं व्हायचं नाही. साठ टक्क्यांची अट ही मुख्यतः सोयीची अट आहे. एका जागेसाठी ढीगभर अर्ज येतात, वाचायला माणसं नसतात, म्हणून एक रेघ मारली जाते. त्या रेघेच्या वर हुशार आणि खाली नापास, असं अट लिहिणाऱ्यालाही वाटत नसतं. एकूण पॉइंटरपेक्षा विषयातली श्रेणी मला कितीतरी जास्त सांगते. यूजीसीच्या दहा गुणांच्या पट्टीत 'ओ' म्हणजे दहा, 'ए प्लस' नऊ, 'ए' आठ, अशी उतरत 'पी' म्हणजे चारपर्यंत येते. गणिताच्या दोन पेपरांत 'पी' मिळवून एकूण सहाच्या आसपास राहिलेला, पण मायक्रोकंट्रोलर आणि मापनशास्त्रात 'ए' असलेला मुलगा माझ्या विभागाला आठ पॉइंटरच्या मुलाइतकाच हवा आहे. कधी त्याहून जास्त. पण तो साठच्या रेघेखाली असायचा, म्हणून माझ्यापर्यंत पोचतच नव्हता.

सरकारी योजनांमध्ये हे वेगळ्या पद्धतीने केलेलं आहे, ते तुम्ही कंपन्यांसमोर ठेवू शकता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत उमेदवार कितपर्यंत शिकला आहे हे पाहिलं जातं, टक्क्यांची रेघ नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार असं विद्यावेतन शिक्षणाच्या टप्प्यावरून ठरवलं आहे. या योजनांमध्ये बाकीच्या अडचणी असतील, पण पॉइंटर फुगवण्याचं कारण त्या मुलाला देत नाहीत.

तुमच्यावरचा दबाव मला दिसतो. बहुतेक ठिकाणी टीपीओ म्हणजे एक प्राध्यापकच असतात. आठवड्याचे तास घेऊन, पेपर तपासून, वर हा अतिरिक्त कार्यभार. संस्थाचालकांना माहितीपत्रकात छापायला प्लेसमेंटचा आकडा हवा असतो, केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक (मीडियन) पगार मोजला जातो, महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात तेच विचारलं जातं. शेजारच्या महाविद्यालयाने साठ मुलं पाठवली आणि तुम्ही चाळीस, तर बैठकीत प्रश्न तुम्हाला. त्यात मुलाचे वडील येऊन हात जोडतात, सर, एवढं पॉइंट पाचचं बघा की. या सगळ्यात नाही म्हणणं सोपं नाही, हे मी जाणते.

हेही जाणते की खरं लिहिण्याची किंमत पडते. ६.१ लिहिणारा मुलगा काही ठिकाणी पहिल्याच चाळणीत जाईल आणि ६.७५ लिहिणारा त्याचा मित्र आत जाईल. हे होणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण ती किंमत त्याला फॉर्म भरतानाच, त्याच्या माहितीत पडते. दुसरी किंमत ऑफर लेटर घरी दाखवून झाल्यावर, खोलीचा डिपॉझिट भरून झाल्यावर, कधी नोकरीला वर्ष झाल्यावर पडते. आणि ती एकट्या त्या मुलावर पडत नाही. एका यादीत दोन-तीन आकडे खोटे निघाले की आमच्याकडे ते महाविद्यालयच पुढची काही वर्षं बाजूला ठेवलं जातं. ज्यांनी अजून तुमच्याकडे प्रवेशही घेतलेला नाही, त्या मुलांच्या वाटेवर तुम्ही काटा टाकून ठेवता.

आयआयटी मुंबईत रिझ्युमेवरच्या प्रत्येक दाव्याला पुरावा दाखवून तो तपासून घ्यावा लागतो. तिथल्या मुलांना याची कटकट वाटते, पण त्या संस्थेचा रिझ्युमे हातात आला की समोरचा त्यावर विश्वास ठेवून पुढचा प्रश्न विचारतो. तितकी यंत्रणा प्रत्येक महाविद्यालयाला उभारता येणार नाही, पण पॉइंटर आणि केटी एवढ्या दोनच गोष्टी तपासायला यंत्रणा लागत नाही. गॅझेट, म्हणजे सगळ्या मुलांच्या निकालाची अधिकृत यादी, तुमच्याकडेच असतं, परीक्षा विभाग त्याच इमारतीत असतो. शीट प्लेसमेंट सेलमध्ये हाताने न भरता परीक्षा विभागाकडून घ्या, त्यांच्या कारकुनाची सही घ्या आणि पाठवण्याआधी ती मुलांना दाखवा. प्रत्येकाने स्वतःची ओळ वाचून 'बरोबर आहे' असं कळवल्याशिवाय ती महाविद्यालयाबाहेर जाऊ देऊ नका. आमच्या त्या मुलाला त्याची ओळ एकदा दिसली असती तर तो आज माझ्या विभागात असता.

केटीबद्दल बोलायला मुलांना शिकवा. आपल्याकडे केटी म्हणजे काहीतरी लपवायची गोष्ट होऊन बसली आहे. तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले, चौथ्यात काढले, असं सरळ सांगणारी मुलगी मुलाखतीत माझ्यासमोर बसली की मी तिला विचारते, कसे काढलेस? त्या उत्तरात मला तिची कामाची पद्धत कळते. कुणी घरचं आजारपण सांगतं, कुणी सांगतं की गावाहून आल्यावर इंग्रजीतून शिकवलेलं पहिलं वर्षभर डोक्यावरून गेलं, कुणी सांगतं, अभ्यासच केला नव्हता. तिन्ही उत्तरं मला चालतात. लपवलेली केटी पडताळणीत सापडली की मात्र हे संभाषणच होऊ शकत नाही, कारण तोवर प्रकरण माझ्या हातून एचआरच्या हातात गेलेलं असतं. त्यामुळे सराव मुलाखती घेता तेव्हा 'तुमचा पॉइंटर कमी का?' हा प्रश्न प्रत्येकाला विचाराच, आणि खरं उत्तर नीट मांडायला मदत करा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या मुलांनाही श्रेयांकांसाठी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यावं लागणार आहे. त्या महाविद्यालयांमध्ये प्लेसमेंट सेल नव्याने उभे राहत आहेत आणि ते कसं चालवायचं हे तुमच्याकडे बघून शिकणार आहेत. हीच पद्धत त्यांच्याकडेही गेली, तर ती मोडायला पुढे कुणालाच जमणार नाही.

आमच्या बाजूने मी काय करून घेतलं आहे तेही सांगते, म्हणजे हे पत्र एकतर्फी राहणार नाही. माझ्या विभागापुरती साठ टक्क्यांची अट मी काढून घेतली आहे. फॉर्ममध्ये आता सत्रनिहाय पॉइंटर, विद्यापीठाचं सूत्र, केटीचा पूर्ण इतिहास आणि त्याखाली मराठी किंवा इंग्रजीत चार ओळी लिहायला जागा आहे. बारावीच्या चौकोनात 'डिप्लोमा' हा पर्याय आहे. अर्ज वाचायला वेळ जास्त लागतो, तो आम्ही देतो. शीटमध्ये आणि गुणपत्रिकेत फरक आढळला, तर आधी विद्यार्थ्याला फोन जाईल, मग तुम्हाला, आणि दोघांचं ऐकल्यावरच निर्णय होईल. आकडा महाविद्यालयाने बदलला असं दिसलं, तर मुलाची ऑफर तशीच राहील आणि पत्र तुमच्या प्राचार्यांना जाईल. हे लेखी मान्य करून घ्यायला मला बरंच झगडावं लागलं, पण ते झालं आहे.

पुढच्या हंगामाच्या याद्या काही महिन्यांत तयार होतील. पाठवाल तेव्हा शीटबरोबर परीक्षा विभागाचा शिक्का असलेलं गॅझेटचं पान जोडा. ज्या मुलांचा पॉइंटर साडेपाच आहे त्यांची नावंही पाठवा, त्यांच्या साडेपाच पॉइंटरसकट. मी वाचेन.

आपली,
एक चाचणी अभियंता, चाकण, पुणे